अरण्यगमनाचा मसुदा

पावसासाठीच प्रसिद्ध असलेल्या अरण्यात पाऊस नसलेले दिवस शोधून काढणे, जळवांच्या माहेरघरी जळू आडवी येणार नाही अशी पायवाट निवडणे, आणि जेथे उन्हालाही जमिनीपर्यंत उतरण्यासाठी पानापानाची मनधरणी करावी लागते तेथे दुपारच्या वामकुक्षीची सोय आहे काय याची चौकशी करणे, ही तिन्ही कामे आमच्या कुटुंबाने गेल्या दिवाळीपासून ज्या निष्ठेने चालविली, ती निष्ठा आमच्या पूर्वजांनी इनामजमिनी सांभाळताना दाखविली असती तर आज आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, एका खिडकीतून शेजाऱ्यांची दुसरी खिडकी पाहत बसलो नसतो.

या उपद्व्यापाचे मूळ म्हणजे आमची पुतणी. ती वनस्पतिशास्त्र शिकते. त्यामुळे गॅलरीतली तुळस वाळली तरी घरातील सर्वजण तिच्याकडे जाब विचारल्यासारखे पाहतात. दरवर्षी आम्ही महाबळेश्वरास जावे, एका पॉइंटवरून दुसरा पॉइंट पाहावा, स्ट्रॉबेरीवर साय घालून खावी आणि हवापालट झाला अशी परस्परांची समजूत घालून परतावे, हा आमच्या घराण्याचा शिरस्ता तिने एका वाक्यात मोडीत काढला. ती म्हणाली, "काका, याला पर्यटन म्हणत नाहीत. आपण फक्त जेवणाची जागा बदलतो." मग खरे पर्यटन कशास म्हणावे असे विचारता तिने बोटांवर मोजून दाखविले: आपल्या जाण्याने त्या जागेचे नुकसान होता कामा नये, तेथील लोकांच्या हाती चार पैसे पडले पाहिजेत, आणि परत येताना आपल्याला काहीतरी अधिक कळलेले असले पाहिजे. पहिल्या दोन अटी मान्य करण्यास कोणाची हरकत नव्हती; तिसरीने मात्र मंडळी चिंताक्रांत झाली.

स्थळ तिनेच मुक्रर केले: केरळातील पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली, अर्थात निलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ते सदाहरित वर्षावन, ज्याच्या पोटातून कुंतीपुळा नदी वाहते. मुक्कालीपर्यंत आपण जावे, तेथून वनखात्याच्या देखरेखीखाली जीपगाडी आणि वाटाड्या घ्यावा, आणि २३ किलोमीटर आत सैरंध्री नावाच्या ठिकाणापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यावे, असा तेथील रिवाज. सैरंध्री हे नाव ऐकताच आमच्या मातोश्रींनी हात जोडले, आणि पांडव अज्ञातवासात तेथवर गेले असतील तर आपल्यालाही जायला हरकत नाही, असा निर्वाळा दिला. विराटाची नगरी तेथून किती दूर, हे त्यांना सांगण्याचे धैर्य कोणी केले नाही. घरातून एक मत अनुकूल पडले होते, ते कोण गमावणार?

नियोजनाची सूत्रे अर्थातच आमचे थोरले बंधू अण्णा यांच्याकडे गेली. अण्णा पाटबंधारे खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खात्याने त्यांना नारळ आणि शाल देऊन निरोप दिला; त्यांनी मात्र खात्याला अद्याप निरोप दिलेला नाही. भाजीच्या पिशवीचीसुद्धा आवक-जावक नोंद ठेवणाऱ्या या गृहस्थाने सहलीचे बाड उघडले, त्याला लाल फीत लावली, आणि आतल्या पहिल्या कागदावर 'अरण्यगमनाचा मसुदा' असे शीर्षक घालून खाली चार रकाने आखले: अनुक्रमांक, बाब, तरतूद, शेरा. प्रत्येक रविवारी चहानंतर बैठक भरे. गैरहजर राहणाऱ्यास लेखी कारण द्यावे लागे. आमचे चिरंजीव एकदा क्रिकेट खेळायला गेले, तर त्यांच्या नावापुढे 'बिनपगारी' असा शेरा पडला.

पहिल्याच बैठकीत अनर्थ ओढवला. पुतणीने माहितीसाठी दिलेले कागद वाचता वाचता अण्णांनी चष्मा कपाळावर सारला आणि ते जवळजवळ ओरडले, "अगं, ही तर धरणाची जागा!"

"होती," पुतणी म्हणाली.

त्यानंतरचा अर्धा तास अण्णांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचा असावा. नियोजन आयोगाने १९७३ साली मान्य केलेली, १२० मेगावॅट विजेची योजना. नदी सोयीस्कर, दरी अरुंद, भिंत बांधायला ईश्वराने जणू स्वतः आखून दिलेली. आणि असे असताना केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक गावोगाव व्याख्याने देतात, सालिम अलींसारखे पक्षितज्ज्ञ रदबदली करतात, सुगतकुमारींसारख्या कवयित्री कविता लिहितात, समित्या बसतात, अहवाल येतात, १९८३ साली योजना गुंडाळली जाते, १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर होते आणि १९८५ साली खुद्द पंतप्रधान राजीव गांधी त्याचे उद्घाटन करतात! प्रत्येक सनावळीबरोबर अण्णांचा आवाज खाली खाली जात होता.

"मंजूर झालेले काम," ते अखेर म्हणाले, "कवींच्या म्हणण्यावरून रद्द? आमच्या खात्यात एक कवी होता. त्याला किरकोळ रजासुद्धा मिळत नसे."

"नुसते कवी नव्हते, बाबा. सिंहपुच्छ वानरही होता." मग पुतणीने त्या प्राण्याचे वर्णन केले: अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा, सह्याद्रीच्या दक्षिणेकडील जंगलांखेरीज जगात अन्यत्र नाही, काटेरी फळे सोलून खातो, आणि झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरूनच आयुष्य काढतो, जमिनीवर फारसा उतरत नाही. झाडे सलग उरली नाहीत तर त्याची वाटच खुंटते. माकडांपायी माणसांची वीज अडविता काय, असे त्या काळी टीकाकार विचारीत. पण शेवटी वीज अडली आणि वानर राहिला.

अण्णा बराच वेळ स्तब्ध बसले. सबंध हयातीत एकही फाइल अडविता न आलेल्या माणसाच्या मनात, जमिनीवर पाऊल न टाकता आख्खे धरण अडविणाऱ्या जीवाविषयी कोणता भाव दाटून आला असेल, हे मी सांगू शकत नाही. पण मसुद्यात बाब क्रमांक एक म्हणून 'वानर-दर्शन' लिहिले गेले आणि तिच्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

पुढची बाब होती महिना. येथे आमच्या कुटुंबातील मूलभूत वृत्ती प्रथम प्रकट झाली. वर्षावन पाहायचे यावर एकमत होते, परंतु पाऊस नको यावर त्याहूनही अधिक एकमत होते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, म्हणून ते चार महिने खोडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतणारा मान्सून ईशान्येकडून केरळाला पुन्हा भेट देतो, म्हणून ते दोन खोडले. डिसेंबर कोरडा खरा. पण त्या दिवसांत शबरीमलेच्या यात्रेमुळे केरळच्या गाड्यांत तिळाला जागा नसते. जानेवारीत संक्रांत आली, "भावोजी, हळदीकुंकवाचे वाण मी केरळातून वाटू का?" असे वहिनींनी विचारताच जानेवारी गेला. मार्चात चिरंजीवांची परीक्षा. एप्रिल-मेमध्ये उकाडा, आणि शिवाय वळीव. राहता राहिला फेब्रुवारी, तो वर्षातला सर्वांत आखूड महिना, आणि त्यातही मातोश्रींच्या मावसबहिणीच्या नातवाचे लग्न निघाले. अण्णांनी बारा महिन्यांवर बारा आडव्या रेघा मारल्या, कागद दूर धरून पाहिला, आणि "ही बाब तहकूब" असे जाहीर केले.

जळवांची बाब मात्र तहकूब होईना, कारण ती वहिनींनी मांडली होती. पुतणीने धीर देण्याच्या सद्हेतूने सांगितले की जळू चावलेली कळतसुद्धा नाही. तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते. ती पोटभर पिऊन आपण होऊन गळून पडते आणि मग जखम तेवढी बराच वेळ वाहत राहते. या सांत्वनानंतर वहिनींनी पाण्याचा पेला मागितला. चावलेली न कळणे हाच मुळी त्यांचा आक्षेप होता. "निदान कळली पाहिजे," त्या म्हणाल्या, "चोर घरात शिरून जेवून गेला आणि आपण झोपलेले!"

प्रकरण पहिल्या मजल्यावरील वैद्यबुवांकडे गेले. वैद्यबुवांना इतका उमाळा आलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा सविष आणि सहा निर्विष, असे सांगून त्यांनी निर्विष जळवांची नावे अशा काही लडिवाळपणे उच्चारली की बारशाला आल्याचा भास व्हावा: कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी, सावरिका. मातोश्रींना पिंगला हे नाव आवडले. मग वैद्यबुवा जरा पुढे झुकून हळूच म्हणाले, "इथे मी एक जळू लावायचे पैसे घेतो. तिथे तुम्हाला पन्नास लागतील, त्याही फुकट. भाग्यवान आहात." फुकट हा शब्द ऐकताच अण्णांनी टाक उचललेला मी पाहिला, वहिनींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

शेवटी जळूमोज्यांचा तोडगा निघाला. पायमोज्यावरून चढवायचे, विजारीची टोके आत घ्यायची, गुडघ्याखाली नाडीने आवळायचे आणि मग पाय बुटात घालायचा, अशी ही कापडी पिशवी असते. विणीतून जळूला तोंड घालता येऊ नये एवढे कापड घट्ट हवे. बाजारभाव ऐकून अण्णांनी ही वस्तू घरीच तयार करण्याचे फर्मान काढले. आमच्या सौभाग्यवतींनी ट्रंक उघडली आणि स्वतःच्या लग्नात रुखवतावर मांडलेले, तेव्हापासून वापरायला जीव न झालेले, जाड मांजरपाटाचे उशांचे अभ्रे बाहेर काढले. त्यांवर गुलाबी दोऱ्याने, वेलबुट्टीच्या आत, एकावर 'शुभ' आणि दुसऱ्यावर 'रात्री' असे भरतकाम होते. तळाशी गोल शिवण, वरच्या बाजूला नेफा, नेफ्यात परकराची नाडी, असे मोजे सिद्ध झाले, आणि तालीम म्हणून ते प्रथम माझ्या पायांत चढविण्यात आले.

उशीचा अभ्रा पायात घालून बूट चढविणे हे शास्त्र कोणत्याच संहितेत सांगितलेले नाही. कापड टाचेखाली गोळा होते, अंगठा कोपऱ्यात अडकतो, नाडी सैल बांधली तर मोजा घसरतो आणि घट्ट बांधली तर पोटरीत मुंग्या येऊन जळू चावल्याचे खरोखरच कळणार नाही अशी अवस्था होते. वाटेत चढउतार असतील म्हणून अण्णांनी मला जिन्यावरून दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या मजल्यावर दूधवाला भेटला. डाव्या पायावर 'रात्री' आणि उजव्या पायावर 'शुभ' वागविणाऱ्या मला त्याने आपादमस्तक न्याहाळले, आणि सकाळचे सात वाजले असतानाही अत्यंत मर्यादेने "गुड नाइट, साहेब" म्हणून तो वर निघून गेला. अण्णांनी शेऱ्यात लिहिले: 'चाचणी समाधानकारक. पाय अदलाबदल करावेत.'

मग तेथील एका वाहनव्यवस्था करणाऱ्या गृहस्थास फोन लावण्यात आला. त्याचे हिंदी मल्याळी वळणाचे, आमचे मराठी वळणाचे. त्यामुळे दोन्ही पक्ष परस्परांशी फार सौजन्याने वागत होते. फोन वहिनींकडे होता.

"हत्ती असतात का हो तिथे?"

"असतात, पण दिसतीलच असे नाही, मॅडम. क्षमा करा."

"आणि साप?"

"नागराजसुद्धा आहे, मॅडम. पण दिसण्याची हमी नाही देता येत. वाघाचीही नाही."

वहिनींचा चेहरा उजळला. "बिबट्या?"

"अगदी क्वचित. सॉरी, मॅडम. सगळ्यांना मी आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको."

या पुढच्या भागात त्या गृहस्थाचा धीर सुटत गेला असावा, कारण तो एकेका श्वापदाबद्दल अधिकाधिक दिलगिरी व्यक्त करीत होता आणि इकडे आमची मंडळी अधिकाधिक प्रसन्न होत होती. अखेरीस वहिनींनी विचारले, "हे न दिसण्याचे तुम्ही लेखी द्याल का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या शांततेबद्दलच ती दरी प्रसिद्ध असावी, असे मला वाटले.

पर्यावरणरक्षणाच्या बाबतीत मात्र आमच्या घराची तयारी पुतणीला चकित करणारी निघाली. प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, असे तिने भीतभीत सांगितले, तर मातोश्रींनी पितळी डबे, कापडी बटवे आणि फिरकीचा तांब्या काढून समोर ठेवला. विमानाने जाऊ नये, धूर फार होतो, असे ती म्हणाली, तर अण्णा सद्गदित झाले. वातानुकूलित डबाही टाळावा, हे ऐकून त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. एकच टॉवेल दोघांनी वापरणे, साबणाची शिल्लक चकती नव्या वडीला चिकटविणे, खोलीबाहेर पडताना दिवा घालविणे, आणि बाहेर न पडताही घालविणे, या ज्या गोष्टींसाठी उभ्या आयुष्यात त्यांची चिक्कू म्हणून संभावना झाली, त्यांना आता एवढे भारदस्त नाव मिळालेले पाहून त्यांना कृतकृत्य वाटले असल्यास नवल नाही. नुकसान भरून निघाल्याच्या आनंदात त्यांनी दुसऱ्या अटीचाही उदारपणे विचार केला आणि तेथील लोकांच्या हाती पडावयाच्या चार पैशांची तरतूद मसुद्यात अक्षरशः तेवढीच लिहिली. पुतणीने ती खोडायला लावली, तेव्हा ते पुष्कळ वेळ घुम्म होते.

अशा रीतीने मसुदा पूर्णत्वाला आला. त्या रविवारी अण्णांनी तो उभे राहून वाचला. पाऊस वगळला. जळवा वगळल्या. पायी चालणे मातोश्रींच्या गुडघ्यांस्तव वगळले, त्यामुळे सैरंध्रीहून नदीकडे उतरणारी वाट आपोआप गेली. टेहळणी मनोऱ्याला पायऱ्या आहेत, सबब वगळला. रात्री जंगलात राहायचे नव्हतेच. पण संध्याकाळीही किडे येतात म्हणून संध्याकाळ वगळली. शेवटी शिल्लक राहिले ते मुक्कालीहून निघणारी जीपगाडी, तिच्या खिडकीतून दिसेल तेवढे हिरवे, दहीभात, आणि बाब क्रमांक एक, म्हणजे वानर, ज्याला या कार्यक्रमाची अद्याप सूचना गेलेली नव्हती.

"याच्यापेक्षा आपण येऊरला जाऊ," पुतणी म्हणाली. येऊरचे रान आमच्या गॅलरीतून दिसते. तिच्या डोळ्यांत पाणी होते. आम्हा सर्वांनाच थोडेसे अपराधी वाटले, आणि त्या भावनेपोटी आम्ही एकेक भजे कमी खाल्ले.

पण सरकारी काम मसुद्याने होत नाही, तिकिटाने होते. घरबसल्या मोबाईलवर आरक्षण करण्यावर अण्णांचा विश्वास नाही. पावतीवर शाई नसलेला व्यवहार त्यांना व्यवहारच वाटत नाही. म्हणून एका पहाटे अण्णा स्वतः खिडकीवर गेले. तोपर्यंत आमच्या बैठकांत फेब्रुवारी केव्हाच उलटला होता आणि एप्रिलही संपत आला होता. सुटीत गावी जाणाऱ्या मुंबईकर मल्याळी कुटुंबांनी मे महिन्यातली नेत्रावती एक्सप्रेस जवळजवळ विकतच घेतली होती. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. खिडकीवरील कारकुनाने वर न पाहता सांगितले, "जूनच्या उत्तरार्धात आहे जागा. हवी तेवढी."

दोन तास रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने परतणे अण्णांच्या शिस्तीत बसत नव्हते. ते तिकिटे घेऊनच आले. ठाणे ते शोरनूर, साधा शयनयान वर्ग, आणि तोही नेमका त्या दिवसांतला, जेव्हा कोकण रेल्वे आपले पावसाळी वेळापत्रक लावून गाड्या सावकाश चालविते. घरात कल्लोळ उसळला. वहिनींनी तिकिटे ताबडतोब रद्द करण्यास सांगितले. अण्णांनी तिकिटामागील नियम मोठ्याने वाचले आणि रद्द केल्यास माणशी किती रक्कम कापली जाईल याची बेरीज पाटीवर मांडली. बेरजेखाली रेघ ओढून त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की विषय तेथेच संपला. ज्या पावसाला आमच्या संपूर्ण कुटुंबाने अनेक रविवार खर्चून हद्दपार केले होते, त्याला रद्दीकरण-आकाराच्या भीतीने बिनशर्त परत बोलाविण्यात आले. केरळातल्या त्या गृहस्थाला कळविले, तेव्हा तो म्हणाला, अतिवृष्टी झाली तर वनखाते प्रवेश बंद ठेवते. एरवी जळवांची मात्र पूर्ण हमी.

पुतणी त्या रात्री गुणगुणत भांडी विसळत होती. सौभाग्यवती उरलेल्या अभ्र्यांची मापे घेत होत्या. वहिनी तंबाखू, मीठ आणि चुना यांपैकी जळूला सर्वांत नावडते काय याची वैद्यबुवांकडे पुन्हा चौकशी करून आल्या होत्या, आणि वैद्यबुवांनी उत्तर देण्याऐवजी, येताना बरणीतून दहापाच निर्विष आणता येतील का, असे त्यांनाच विचारले होते. अण्णा दिव्याखाली बाड उघडून बसले. लाल शाईने खोडलेल्या बाबी त्यांनी एकेक करून पूर्ववत केल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिले: 'पाऊस मंजूर. पायवाट मंजूर. जळवा: माणशी जास्तीत जास्त पाच, अधिक लागल्यास पूर्वपरवानगी आवश्यक.'